संगणकाच्या पोटातला जागावाटपाचा कारभार



"विहिरीत माझा चार आण्यांचा हिस्सा आहे," असे वाक्य कोल्हापूरच्या आसपासच्या गावांत आजही कानावर पडते. 1 एप्रिल 1957 रोजी आपल्या देशात दशमान नाणी आली आणि हळूहळू आणा बाजारातून गेला. पण हिस्सेवाटणीच्या बोलीतून तो गेला नाही. त्याचे कारण सोपे आहे. सोळा आण्यांचे निम्मे आठ, आठाचे निम्मे चार, चाराचे दोन, दोनाचा एक. कुठे अपूर्णांक येत नाही, की वाटणी करणाऱ्याला डोके खाजवावे लागत नाही. आणि वेगळे झालेले दोन भाऊ पुन्हा एकत्र आले तर बेरीजही चटकन जमते. गंमत अशी, की आपल्या खिशातल्या मोबाईल फोनच्या पोटात हाच सोळा आण्यांचा हिशेब सेकंदाला हजारो वेळा चाललेला असतो. त्या हिशेबाची ओळख करून घ्यावी, एवढाच या भाषणाचा हेतू.

"आम्हांला काय करायचाय हा हिशेब?" असे कोणी म्हणेल. तर असे पाहा. शेतकरी बांधावर उभा राहून फोनवर पिकाची नोंद भरतो आहे. गट नंबर झाला, पीक झाले, क्षेत्र झाले; आता पिकाचा फोटो काढायचा. तो कॅमेरा उघडतो, फोटो काढतो आणि परत येतो, तर भरलेला सगळा अर्ज कोरा! मग कोणी नेटवर्कला दोष देतो, कोणी सरकारला, कोणी नशिबाला. पुष्कळदा यांपैकी कोणाचाच दोष नसतो. फोनमधली कामाची जागा संपत आलेली असते, कॅमेऱ्याला मोठी जागा हवी असते, आणि फोनच्या आतल्या कारभाऱ्याने मागे उभा असलेला अर्ज बंद करून ती जागा मोकळी केलेली असते. त्या दिवशी नोंद राहून गेली, तर पुढे नुकसानभरपाईच्या वेळी तीच नोंद शोधली जाते. म्हणजे जागेचा हा हिशेब दिसायला यंत्राचा असला, तरी त्याची झळ माणसाला लागते.

आधी 'जागा' म्हणजे कोणती ते ठरवू या. दुकानदार सांगतो, "हा फोन 4 जीबी, 64 जीबी." यातला 64 चा आकडा म्हणजे घरातले फडताळ. फोटो, गाणी, कागदपत्रे तिथे ठेवलेली असतात. वीज गेली तरी ती राहतात. 4 चा आकडा म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. जे काम या घडीला चालू आहे, त्याचे सामान ओट्यावर मांडलेले असते. काम संपले, की ओटा पुसायचा. या ओट्याला आपण स्मृती म्हणू. बाजारात तिला रॅम म्हणतात. फडताळातले फोटो पुसले म्हणून ओटा मोठा होत नाही, हे एवढे जरी लक्षात राहिले तरी पुष्कळ गैरसमज टळतील.

ओटा एक आणि स्वयंपाकी अनेक. मग कोणी कुठे परात मांडायची, कोणाची परात केव्हा उचलायची, हे ठरवणारे माणूस हवे. संगणकात हे काम जो करतो त्याला कर्नेल म्हणतात. आपण त्याला गाभा म्हणू. देवळाच्या गाभाऱ्यात जसा कोणीही शिरू शकत नाही, तसेच यंत्राच्या या गाभ्यात इतर प्रोग्रॅमना मज्जाव असतो. त्यांनी दारात उभे राहून मागायचे आणि गाभ्याने द्यायचे. 1991 साली फिनलंडमधल्या हेलसिंकी येथे लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने असा एक गाभा लिहायला घेतला, तोच लिनक्स. आज अँड्रॉइड फोनच्या आत तोच आहे. जगातल्या सर्वांत शक्तिमान 500 संगणकांची यादी वर्षातून दोनदा निघते; नोव्हेंबर 2017 पासून त्या यादीतले सर्वच्या सर्व संगणक लिनक्सवर चालत आले आहेत. पुण्याच्या सी-डॅक संस्थेतला 'ऐरावत' 2023 साली त्या यादीत 75 व्या क्रमांकावर आला, त्याचाही गाभा लिनक्सच. म्हणजे हातातला फोन आणि पुण्याचा महासंगणक यांचा कारभारी एकाच घराण्यातला आहे.

हा कारभारी पूर्वी नव्हता, बरे का. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या लोकांनी एक संगणक बांधला. तो 1960 साली पूर्णपणे चालू झाला आणि 1962 साली पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले. त्याची स्मृती चुंबकी कड्यांची होती. तिच्यात 2,048 शब्द मावत, आणि प्रत्येक शब्द 40 अंकांचा. अंक म्हणजे फक्त शून्य किंवा एक. आजच्या मापाने ही सगळी स्मृती 10,240 बाइट भरते. त्या काळी एका वेळी एकाच गणितज्ञाचे काम यंत्रावर चाले, आणि कोणता आकडा कोणत्या घरात ठेवायचा हे तो स्वतःच कागदावर मांडून आणी. एकट्या बिऱ्हाडाला भांडणाचा प्रश्नच नाही. पुढे एकाच यंत्रावर अनेक कामे एका वेळी चालू लागली, कामे मध्येच येऊ-जाऊ लागली, आणि जागावाटप हा स्वतंत्र कारभार झाला.

आजचा गाभा जागा मोजतो ती पानांत. बहुतेक यंत्रांत एक पान 4,096 बाइटांचे असते. टिफ्रॅकची सगळी स्मृती अशा अडीच पानांत मावली असती! 4 जीबीच्या फोनमध्ये अशी पाने किती? 10,48,576. शिवाय प्रत्येक पानाची नोंद ठेवावी लागते, की हे पान मोकळे की दिलेले, दिले तर कोणत्या कामाला. लिनक्समध्ये दर पानामागे ही नोंद साधारण 64 बाइटांची असते. म्हणजे नोंदवहीलाच 64 एमबी गेले. तलाठ्याच्या दप्तरालाही चावडीत एक खोली लागतेच की!

आता मुख्य प्रश्न. कोणी एक पान मागतो, कोणी सलग चार, कोणी सलग शंभर. द्यायचे कसे, आणि परत आल्यावर जोडायचे कसे? इथे सोळा आण्यांची युक्ती येते. या पद्धतीचा शोध हॅरी मार्कोविट्झ यांनी 1963 साली लावला, आणि अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतले केनेथ नोल्टन यांनी स्वतंत्रपणे शोधून ती 1965 साली प्रसिद्ध केली. मार्कोविट्झ यांना पुढे 1990 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते मात्र वेगळ्या कामासाठी. इंग्रजीत या पद्धतीला बडी म्हणजे जोडीदार म्हणतात. आपण तिला 'भाऊहिस्सा' म्हणू.

समजा, सलग 16 पाने आहेत. त्यांना 0 ते 15 असे क्रमांक दिले. पहिला अर्जदार आला, त्याला 3 पाने हवीत. नियम असा, की हिस्सा 1, 2, 4, 8, 16 असाच द्यायचा. तेव्हा त्याला 4 मिळतील. गाभा रुपयाचे दोन तुकडे करतो: 0 ते 7 आणि 8 ते 15. पहिल्या आठाचे पुन्हा दोन: 0 ते 3 आणि 4 ते 7. अर्जदाराला 0 ते 3 दिली. दुसऱ्याला 2 हवीत. तेव्हा 4 ते 7 चे दोन तुकडे झाले, त्यातली 4 आणि 5 त्याला गेली. 6 आणि 7 शिल्लक. तिसऱ्याला 4 हवीत. आठाचा दुसरा तुकडा फोडून 8 ते 11 त्याला दिली. 12 ते 15 शिल्लक.

आता परत यायची पाळी. पहिल्याने 0 ते 3 परत केली. गाभा विचारतो, याचा सख्खा भाऊ कोण? 4 ते 7. तो सगळा मोकळा आहे का? नाही, 4 आणि 5 अजून दुसऱ्याकडे आहेत. मग थांबा. दुसऱ्याने 4 आणि 5 परत केली. त्यांचा भाऊ 6 आणि 7 मोकळाच आहे. दोघे जोडले, 4 ते 7 झाले. त्याचा भाऊ 0 ते 3 तोही मोकळा. जोडले, 0 ते 7 झाले. त्याचा भाऊ 8 ते 15 अजून अडकलेला, म्हणून पुन्हा थांबा. तिसऱ्याने 8 ते 11 परत केली की ती 12 ते 15 ला मिळतात आणि शेवटी रुपया पुन्हा सोळा आण्यांचा होतो.

यात एक बारीक गोष्ट आहे, ती मुलांना जरूर विचारावी. समजा, 4 ते 7 मोकळी आहेत आणि 8 ते 11 ही मोकळी आहेत. दोघे शेजारी आहेत, मधे भिंत नाही. तरी गाभा त्यांना जोडून आठ करत नाही. का? कारण ते सख्खे भाऊ नव्हेत, चुलत भाऊ आहेत. एक 0 ते 7 च्या घरातला, दुसरा 8 ते 15 च्या घरातला. सख्ख्या भावाचा पत्ता गाभ्याला न शोधता मिळतो; चाराचा तुकडा 8 पासून सुरू होत असेल तर भाऊ 12 वर, 4 पासून होत असेल तर भाऊ 0 वर. एक साधी वजाबाकी-बेरीज, की काम झाले. लाखो पानांत शोधाशोध करण्यापेक्षा चुलत भावांची जोडणी सोडून देणे स्वस्त पडते. लिनक्समध्ये हे हिस्से एका पानापासून 1,024 पानांपर्यंत, म्हणजे 4 एमबीपर्यंत, असे अकरा मापांचे असतात.

या सोयीची किंमतही मोजावी लागते. तीन पाने मागणाऱ्याला चार दिली, एक वाया गेले. पाच मागणाऱ्याला आठ द्यावी लागतात. ही झाली आतली नासाडी. बाहेरची नासाडी याहून वाईट. कल्पना करा, सोळापैकी 0, 2, 4, 6 अशी एकाआड एक आठ पाने अडकली आहेत. मोकळी पानेही आठ आहेत. पण सलग दोन मागा, मिळणार नाहीत! शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. वडिलोपार्जित जमीन आहे दोन एकर, पण ती पाच ठिकाणी तुकड्या-तुकड्यांत. एका तुकड्यात बैल वळत नाही, दुसऱ्यात ट्रॅक्टर शिरत नाही. कागदावर क्षेत्र आहे आणि उपयोगाला जागा नाही. याच दुखण्यासाठी मुंबई प्रांतात 1947 साली तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा झाला, आणि 1949 साली कोल्हापूर संस्थान त्या प्रांतात विलीन झाले. आपल्या उताऱ्यावर पूर्वीच्या सर्व्हे नंबराऐवजी गट नंबर दिसतो, तो त्या एकत्रीकरणाची खूण आहे.

स्मृतीतल्या तुकड्यांवर लिनक्सने तीन उपाय योजले आहेत, आणि तिन्ही आपल्याला ओळखीचे वाटतील.

पहिला उपाय खातेउताऱ्याचा. सात-बारा हा जमिनीच्या तुकड्याचा असतो. आठ-अ हा खातेदाराचा. तुकडे शिवारात कुठेही विखुरलेले असोत, आठ-अ वर ते एकाखाली एक सलग मांडलेले दिसतात. गाभाही असाच एक तक्ता ठेवतो. विखुरलेली पाने घेऊन तक्त्यावर त्यांना ओळीने क्रमांक देतो, आणि मागणाऱ्याला ती सलगच दिसतात. आपले रोजचे सगळे प्रोग्रॅम या तक्त्यावरच जगतात. मग अडचण कुठे आहे? काही जोडयंत्रे तक्ता न पाहता थेट शिवारात उतरतात. त्यांना खरोखरीच सलग जागा लागते. शिवाय तक्ता वाचायलाही वेळ जातो.

दुसरा उपाय जागा निवडण्याचा. शेतात विहीर खोदली की ती हलवता येत नाही. दावणीचे जनावर मात्र सोडून दुसरीकडे बांधता येते. मग शहाणा शेतकरी शेताच्या मधोमध विहीर खोदील का? तो ती कडेला घेतो. स्मृतीतही काही पाने हलवता येतात, काही येत नाहीत. प्रोग्रॅमची पाने हलवता येतात, कारण ती तक्त्यावरून दिसतात. पान दुसरीकडे नेले आणि तक्त्यात नवा पत्ता लिहिला, की झाले. गाभ्याच्या स्वतःच्या नोंदी बहुधा हलत नाहीत, कारण इतर नोंदींत त्यांचा थेट पत्ता लिहून ठेवलेला असतो. 2008 सालापासून लिनक्स या दोन जातींची पाने शक्य तितकी वेगवेगळ्या पट्ट्यांत ठेवतो. तिसरा उपाय म्हणजे सरळ एकत्रीकरण: हलणारी पाने एका टोकाला सरकवायची आणि दुसऱ्या टोकाला सलग मोकळी जागा करायची. हा उपाय 2010 साली आला. ते काम वेळखाऊ आहे, म्हणून नाइलाज होईल तेव्हाच ते करतात.

आता छोट्या मागणीकडे वळू. गाभ्याला स्वतःसाठी सारखी लहान-लहान टिपणे लागतात. एक फाईल उघडली, की एक टिपण. एक प्रोग्रॅम सुरू झाला, की दुसरे. जाळ्यावरून निरोप आला, की तिसरे. समजा, एक टिपण 200 बाइटांचे आहे. त्याला 4,096 बाइटांचे आख्खे पान देणे म्हणजे एक रोप लावायला एकरभर रान देणे. त्याऐवजी एक पान घ्यायचे आणि त्यात सारख्या मापाचे कप्पे पाडायचे. उसाच्या रोपवाटिकेतले प्लास्टिकचे ट्रे आठवा. एका ट्रेमध्ये सगळे कप सारखे. 4,096 मध्ये 200 चे 20 कप्पे बसतात, आणि उरतात फक्त 96 बाइट. रोप उचलले, की कप रिकामा. नवे रोप त्याच कपात. मापच एक असल्यामुळे तुकड्यांचा प्रश्न उरत नाही.

ही पद्धत जेफ बॉनविक यांनी सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत असताना 1994 साली मांडली; तिला स्लॅब म्हणतात. बॉनविक यांनी आणखी एक गोष्ट हेरली. लग्नकार्याला भांडी भाड्याने देणारा काय करतो? परत आलेली पातेली घासून, पुसून, मांडून ठेवतो, म्हणजे दुसरे गिऱ्हाईक आले की तशीच उचलून देता येतात. टिपणाचेही तसेच आहे. कोरी जागा देऊन ती प्रत्येक वेळी पहिल्यापासून मांडण्यापेक्षा, परत आलेले टिपण मांडलेल्या स्थितीतच ठेवले तर पुढच्याचा वेळ वाचतो. लिनक्सने ही कल्पना उचलली, 2007 साली तिची अधिक सुटसुटीत आवृत्ती केली, आणि 2024 साली जुनी आवृत्ती काढून टाकली. आजच्या यंत्रात एकाहून अधिक प्रोसेसर असतात. म्हणून प्रत्येकाजवळ टिपणांचा थोडासा साठा वेगळा ठेवलेला असतो. प्रत्येक वर्गात खडूची पेटी असली, की खडूसाठी ऑफिसात रांग लागत नाही. त्यातलाच हा प्रकार.

येथवर भरपूर जागा आहे असे धरून आपण चाललो. खरी परीक्षा टंचाईत होते.

टंचाईत गाभा प्रथम मागणाऱ्याला विचारतो, "तुला थांबता येईल का?" साधा प्रोग्रॅम थांबू शकतो. त्याला क्षणभर झोपवायचे, तेवढ्यात कुठून तरी पाने मोकळी करायची, आणि मग त्याला उठवून जागा द्यायची. पण काही मागणारे थांबूच शकत नाहीत. जाळ्यावरून निरोप येऊन धडकला, तो ठेवायला आत्ता जागा हवी. त्या क्षणी काम करणाऱ्या गाभ्याच्या भागाला झोपण्याची मुभाच नाही. म्हणून अशा मागणीसाठी काही पाने राखून ठेवलेली असतात. तीही संपली तर निरोप टाकून द्यावा लागतो, आणि पाठवणाऱ्याला तो पुन्हा पाठवावा लागतो.

राखीव साठ्याचे दुसरे कारण याहून खोल आहे. पाने मोकळी करायची म्हणजे काय करायचे? ज्या पानांवर नवे लिखाण झाले आहे, ते आधी फडताळात, म्हणजे डिस्कवर, नेऊन ठेवायचे. पण ते लिहिण्याच्या कामालाच थोडी जागा लागते! म्हणजे जागा मिळवायला जागा हवी. विहिरीवरचा पंप आठवा. हवा धरलेला पंप पाणी खेचत नाही. आधी त्याच्या तोंडात बादलीभर पाणी ओतावे लागते, तेव्हा तो हजारो लिटर उपसतो. ती एक बादली कोणी पिऊन टाकली, तर विहीर तुडुंब असूनही पीक वाळेल. गाभा ही बादली प्राणापलीकडे जपतो. यंत्र 'गोठले' असे आपण म्हणतो, त्याच्या मागे पुष्कळदा ही बादली संपत आल्याची कहाणी असते.

साठा केव्हा सावरायला घ्यायचा, यासाठी गाभा तीन पातळ्या आखतो. आपल्याकडे राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट धरतात; पाणी चढले की हालचाल सुरू. स्मृतीत उलटे असते: मोकळ्या पानांची पातळी उतरली की हालचाल सुरू. मोकळी पाने मधल्या पातळीखाली गेली की एक सफाई कामगार जागा होतो, पाने गोळा करू लागतो, आणि वरची पातळी गाठली की पुन्हा झोपतो. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पातळी आली की आपोआप उघडतात आणि उतरली की मिटतात, तसेच हे. पातळी खालच्या रेषेलाही टेकली, तर मात्र मागणाऱ्यालाच फडके हाती घेऊन सफाईला लागावे लागते. फोन अडखळत चालतो तो बहुधा अशा वेळी.

इतके करूनही भागले नाही तर? इथे गाभ्याची एक जुनी सवय समजून घ्यायला हवी. प्रोग्रॅम जागा मागतो तेव्हा गाभा बहुधा नुसता "दिली" म्हणतो. प्रत्यक्ष पान देतो ते त्यात पहिल्यांदा लिहिताना. पाचशे पत्रिका वाटाव्यात आणि तीनशे पाने वाढायची तयारी ठेवावी, तशीच ही रीत. बहुतेक वेळा निभावते, कारण मागितलेली सगळी जागा कोणीच एकदम वापरत नाही. पण एखाद्या मुहूर्ताला पाचशेही माणसे आली, तर पंगत अडते. अशा वेळी गाभा एका प्रोग्रॅमला उठवून बाहेर काढतो आणि त्याची सगळी जागा ताब्यात घेतो. कोणाला काढायचे, यासाठी तो गुण देतो: ज्याने जास्त जागा व्यापली त्याला जास्त गुण, आणि जास्त गुण त्याचा बळी. मात्र आधीच सांगून ठेवता येते, की अमक्याला हात लावू नका. ती खूण उणे 1,000 ची असते. फोनमध्ये याची जरा हळुवार तऱ्हा आहे. डोळ्यांसमोर असलेला प्रोग्रॅम शक्यतो वाचवायचा, मागे गेलेला आधी काढायचा. शेतकऱ्याने कॅमेरा उघडला त्या क्षणी अर्ज मागे गेला होता, हे आता ध्यानात आले असेल. गाभ्याला तो अर्ज म्हणजे काही पाने एवढेच माहीत; त्यात पिकाची नोंद आहे हे त्याला कोण सांगणार? ती जबाबदारी अर्ज तयार करणाऱ्याची. अर्धवट भरलेले लिखाण मागे जाताना जपून ठेवण्याची सोय फोनमध्ये असते. ती वापरली असती तर अर्ज कोरा झाला नसता.

कारभारी प्रामाणिक असून भागत नाही. जागा घेणारेही प्रामाणिक हवेत. गाभ्याचाच एखादा भाग जागा घेऊन परत करायला विसरला, तर ती जागा यंत्र बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत अडकून राहते. साधा प्रोग्रॅम विसरला तर त्याच्या मरणानंतर गाभा सगळे वसूल करतो. पण गाभ्याच्या आतल्या विसराळूकडून कोण वसूल करणार? याहून घातक दुसरी चूक: जागा परत केली, पण जुना पत्ता जवळ ठेवून पुढेही तिथेच लिहीत राहिले. रान विकले, खरेदीखत झाले, तरी जुना मालक रात्री येऊन पेरणी करतो, असा हा प्रकार. नव्या मालकाचे पीक मोडते, आणि दोष कोणाचा ते कळत नाही. परक्या यंत्रात घुसणारे चोर नेमकी हीच फट शोधतात. म्हणून लिनक्सच्या चाचणीत परत आलेल्या जागेत मुद्दाम खुणेचा आकडा भरून ठेवतात. तो बदललेला दिसला, की कोणी तरी रात्री येऊन गेले हे समजते. 2022 च्या डिसेंबरपासून गाभ्याचे काही भाग रस्ट नावाच्या भाषेत लिहिण्याची सोय झाली आहे. अशा पुष्कळ चुका ती भाषा यंत्र चालू होण्यापूर्वीच अडवते.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. हा सगळा विषय शिकवायला संगणक लागत नाही. फळ्यावर सोळा चौकटी काढा, किंवा अंगणात चिंचोके मांडा. चार मुलांना अर्जदार करा, एकाला कारभारी करा. कोणी तीन मागो, कोणी एक, कोणी पाच. कारभाऱ्याने आण्यांच्या हिशेबाने द्यावे आणि परत आल्यावर सख्खे भाऊ जोडावेत. किती चौकटी वाया गेल्या ते दर फेरीला मांडा. मग एक फेरी अशी खेळा, की मोकळ्या चौकटी आठ आहेत आणि तरी दोन मागणाऱ्याला रिकाम्या हाती जावे लागते. मुले हसतील, भांडतील, आणि नवी युक्ती सुचवतील. त्यातली एखादी युक्ती वर सांगितलेल्या तिन्हींपैकी निघाली, तर त्या मुलाने पुस्तक न उघडता इंजिनियरच्या वाटेवर पाऊल टाकले, असे खुशाल समजा.

आणि शेतकरी बांधवांना एवढेच सांगणे, की महत्त्वाचा अर्ज भरताना मागचे मोठे खेळ, व्हिडिओ बंद करून ठेवा. अर्ज अर्धा जपून ठेवण्याची सोय असेल तर फोटोला हात घालण्याआधी ती वापरा. आणि अर्ज कोरा झाला तर स्वतःला अडाणी म्हणवून घेऊ नका. ओटा लहान आहे, पातेली फार झाली आहेत, आणि कारभारी आपल्या परीने पंगत सांभाळतो आहे. त्याचा हिशेब सोळा आण्यांचा आहे, आणि तो हिशेब तुम्हांला पिढ्यान् पिढ्या येतो.